नॉनव्हेजचा तिसरा अर्थ

ती. दाजींना साष्टांग नमस्कार.

तुमचा खोकला आणि ताईचा गुडघा दोन्ही आता हुकमात असतील अशी आशा आहे. इकडे बाकी सगळे बरे आहेत. मी कितपत बरा, ते खाली लिहितो.

आमच्या शब्दकोशात यंदा बोलण्यातले शब्द घेताहेत. ‘नॉनव्हेज’ माझ्या वाट्याला आला तेव्हा अंगावर मूठभर मांस चढलं (हा वाक्प्रचार मात्र पलीकडच्या टेबलावरच्या बाईंकडे आहे). पहिला अर्थ मटण-मासे वगैरे. दुसरा, ते खाणारा माणूस: “आमचे हे नॉनव्हेज आहेत.” तिसरा, चावट विनोद. नियम असा की उदाहरण स्वतःच्या कानांनी ऐकलेलं हवं, मनाचं चालत नाही. पहिले दोन अर्थ एका दुपारी उरकले. तिसऱ्यासाठी महिनाभर वणवण करतो आहे, कारण माझ्यासमोर कुणी तसलं बोलतच नाही.

जेवणाच्या सुट्टीत खालच्या पुस्तकबांधणी विभागात हशा चालू असतो. मी आत पाऊल टाकलं की सगळे आपापल्या डब्यात बघतात. शेवटी तिथल्या फोरमनला कामाचं स्वरूप समजावलं. त्यांनी एक सुरूही केला (नवरा बाहेरगावी, शेजारी दारात), पण माझ्या चेहऱ्याकडे पाहून म्हणाले, “मग त्याने वाटीभर साखर घेतली आणि तो घरी गेला.” बाकीच्यांनी गंभीरपणे माना डोलावल्या. पुढे मी कागदांच्या गठ्ठ्यांआड उभा राहिलो (हे योग्य की अयोग्य, यावर आधी दोन दिवस घातले). धुळीने शिंक आली. आतून आवाज आला, “गप्प रे, व्हेज आले!” हा प्रयोग मी तत्काळ टिपला, पण तो ‘व’मध्ये जातो, आणि ‘व’ माझ्याकडे नाही.

घरी सांगितलं तर ही पोट धरून हसली. मी विचारलं, “तुला येतात असले?”

“ढीगभर! दाजी आले की स्वयंपाकघरात दुसरं काय चालतं?”

“मग मला कधी एकही सांगितला नाहीस?”

“तुम्हाला? तुम्ही त्यातलं व्याकरण तपासाल!”

दाजी, राग आला नाही. पण बराच वेळ आठवत बसलो. आत तुमचं हसणं चालू असतं, मी दारात येतो, आणि तुम्ही उकाड्याबद्दल बोलू लागता. इतकी वर्षं मी समजत होतो की तुम्हाला हवामानात रस आहे.

ताईला नमस्कार, मुलांना आशीर्वाद.

तुमचा मेहुणा

ता. क. पत्राचं खरं कारण असं: रविवारी या आणि एक तरी माझ्यासमोर, शेवटपर्यंत सांगा. छापताना नाव येणार नाही, ‘एक नातेवाईक’ एवढंच.

आणखी ता. क. पाकीट चिकटवण्याआधी संपादकांचा निरोप आला: तिसरा अर्थ गाळला आहे. म्हणजे उदाहरणाची आता गरज नाही. तरी रविवारी याच. मी आत आलो तरी थांबू नका. समजायला मला जरा वेळ लागेल. तेवढं सांभाळून घ्या.