दारातली बाई

पाथरदरा,
ता. ११ फेब्रुवारी १९७३

ती. दादांस धाकट्या चांगुणाचा जयभीम.

तुमचं कार्ड पोचलं. वहिनींच्या पायाला सूज आहे हे वाचून काळजी वाटली. त्यांना मीठ कमी खायला सांगा. ऐकणार नाहीत, तरी सांगा. इकडं आम्ही ठीक आहोत. टँकर तिसऱ्या दिवशी येतो, आणि आपल्या वस्तीच्या घागरी अजून शेवटीच भरतात. तुमचे पाव्हणे, आमचे घरधनी, ढोकीच्या ऊसतोडीवरून परत आले. ऊसच वाळला, कारखान्याचा पट्टा लवकर पडला, हंगाम संपला. दिवसभर आढ्याकडं बघत पडून असतात आणि मी काही बोलले की कूस बदलतात.

तुम्ही कचेरीतल्या साहेबांच्या कानावर घातलंत म्हणून मला ही पहाऱ्याची रोजंदारी मिळाली, हे मी विसरलेली नाही. कोठडीत बाई असली तर दारात पहाऱ्यालाही बाईच लागते, असा सरकारचा नियम. आत बाई आहे तोवर माझी हजेरी. खडी फोडण्यापेक्षा हे शंभर पटीनं बरं. गेल्या उन्हाळ्यात खडीवर माझं काय झालं ते तुम्हाला ठाऊक आहेच.

आतल्या बाईचं नाव महेबूबबी. साठीच्या पुढची. जन्म लोहाऱ्याच्या बाजूचा. पोलीस ॲक्शननंतर गवंडी नवऱ्यामागं कराचीला गेली. तो वारल्यावर पासपोर्ट काढून बहिणीला भेटायला आली. बहीण अंथरुणाला खिळली, हिचा पाय निघेना. पुढं बहीण वारली, हिची मुदत उलटली आणि त्यातच लढाई लागली. मुदतीबाहेर राहिली म्हणून तीन महिन्यांची शिक्षा झाली. ती डिसेंबरातच संपली. पण सरहद्द बंद, पाठवणार कुठं? म्हणून ठेवलीय तिथंच. कैद्यांच्या यादीत आता तिचं नाव नाही, खर्चाच्या यादीत तेवढं आहे. आमचे जमादार ज्ञानोबा म्हणतात, “सरकार दोन बायांचा खर्च करतंय बघ. एक आत, एक दारात.”

तिच्या ओळखीच्या भरवशाच्या माणसानं ती इथलीच असल्याचा जबाब दिला आणि हमी घेतली, तर तिला गावात राहता येईल, आठवड्याला ठाण्यावर हजेरी द्यावी लागेल, असं साहेब बोलले होते. तिच्या गावचे शरणबसप्पा पाटील तिला लहानपणापासून ओळखतात. त्यांच्या नावे तिनं डिसेंबरातच माझ्याकडून पत्र लिहून घेतलं. उत्तर काही आलं नाही. मोठी माणसं, विसरली असतील.

तिला खोकला फार आहे. दुपारी डोळा लागला की मी गजांतून बघत बसते, छाती हलतेय का. मला भीती वाटते दादा. तिची वाटते की माझ्या हजेरीची, ते विचारू नका.

वहिनींना नमस्कार.

आपली,
चांगुणा

पाथरदरा,
ता. ८ एप्रिल १९७३, रविवार

ती. दादांस जयभीम.

जयंतीची वर्गणी गोळा होतेय. यंदा मांडव लहान, मिरवणूक तेवढीच. पाव्हण्यांना तळ्याच्या कामावर आठवड्यातून तीन दिवस काम मिळतं. मला पाचवा महिना लागलाय. मागच्या पत्रात लिहिलं नव्हतं, कारण मागच्या वेळी सगळ्यांना सांगून बसले होते.

हे सगळं लिहितेय ते मूळ गोष्ट लांबवायला, हे तुम्ही ओळखलं असेल.

काल हुकूम आला. येत्या शुक्रवारी महेबूबबीला इथून हलवणार. अशा लोकांसाठी लांब कुठंतरी मोठी छावणी बांधलीय. कुठं ते जमादारांनाही ठाऊक नाही. म्हणाले, “लई पैसा मंजूर झालाय. भिंतीला हाय, तारंला हाय, गाडीला हाय, पोलिसाला हाय.”

मी विचारलं, “डॉक्टरला?”

“ते न्हाय लिव्हलेलं.”

“आणि किती दिवस ठेवणार?”

“त्ये बी न्हाय लिव्हलेलं,” म्हणाले आणि बिडी पेटवायला बाहेर गेले. ते वाईट नाहीत. पण जाताना त्यांनी माझ्याकडं बघितलं नाही. तिथं गेली की ती कुठं आहे हे कुणालाच कळणार नाही. मेली तरी कळणार नाही.

दादा, ते पत्र मी टाकलंच नाही.

मीच लिहिलं, मीच पत्ता घातला, आणि घरी नेऊन पिठाच्या डब्यामागं ठेवलं. पहिल्या दिवशी विसरले. दुसऱ्या दिवशी विसरले नव्हते. पाटील आले असते तर ती सुटली असती, आणि त्याच दिवशी मला परत खडीवर जावं लागलं असतं. मागच्या वेळी त्या ढिगाजवळच सांडलं होतं सगळं. बायांनी लुगड्याचा आडोसा केला आणि मुकादमानं अर्ध्या दिवसाची हजेरी कापली. परत तिथं जायचं नव्हतं मला. एवढंच कारण. दुसरं काही शोधून सापडत नाही.

ती रोज विचारते, “खत आलं का ग बेटी?” मी रोज सांगते, “न्हाय आलं, मावशी.” यात खोटं काही नाही, आणि तेच मला खातंय. परवा म्हणाली, “पाटील मेला असंल ग. न्हायतर माझ्यासाठी आल्याबिगर राहिला नसता.” आणि जिवंत माणसासाठी रडली. मी गजाला टेकून ऐकत राहिले.

ते पत्र सोबत ठेवलंय. तुम्ही रजा टाका, लोहाऱ्याची एसटी पकडा आणि पाटलांच्या हातात द्या. शुक्रवारच्या आत. शिफारस तुमची होती, बोभाटा झाला तर तुमच्या नोकरीवरही येईल, हे कळून विनवतेय. हे मी टपालात टाकत नाही, एसटीच्या कंडक्टरकडं देतेय. पेटीजवळ गेले तर माझा हात परत मागं येईल, इतकी मी मला ओळखायला लागलेय.

चांगुणा

पाथरदरा,
ता. १७ एप्रिल १९७३

ती. दादांस,

तुम्ही जाऊन आलात. मला एक ओळ लिहिली नाहीत. लिहूही नका, मला वाचायची हिंमत नाही.

शरणबसप्पा पाटील गुरुवारी अकराच्या गाडीनं आले. सत्तरी ओलांडलेला माणूस, एका हातात काठी, दुसऱ्यात गावचे जुने कागद. पत्र मिळालं त्याच रात्री निघतो म्हणाले होते, मुलांनी धरून ठेवलं, असं जमादारांना सांगत होते. साहेबांपुढं उभे राहून त्यांनी जबाब दिला, हमीवर सही केली. दुपारी छावणीचा हुकूम तहकूब झाला. तिला गावात राहता येईल, दर सोमवारी ठाण्यावर हजेरी.

तुम्हाला वाटेल, सुटले सगळे. पुढचं ऐका.

मी तिला त्याआधी मंगळवारीच पत्राचं सगळं सांगितलं होतं. ती रागवेल, शिव्या देईल, असं धरून चालले होते. त्यातलं काही झालं नाही. पण त्यानंतर माझ्या हातचं पाणी घेतलं नाही. दोन दिवस, या उन्हात. जमादारांनी तांब्या दिला तर घटाघटा प्यायली. दादा, आपल्या हातचं पाणी न घेणारे आपण जन्मभर पाहिले. त्यांची मला चीड यायची, कारण त्यांचं चूक होतं. हिचं चूक नव्हतं. तिला भीती वाटत होती. चार महिने जिनं तिला जिवंत गाडून ठेवलं, ती आता तांब्यात काय देईल, असं तिच्या डोळ्यांत दिसत होतं.

गुरुवारी जमादारांनी कुलूप काढलं. पाटील बाहेर उभे होते, “ये गं महेबूब” म्हणून हाका मारत होते. मी सवयीनं दारातच उभी होते. ती बोचकं छातीशी धरून भिंतीला टेकली आणि जमादारांना म्हणाली, “आधी तिला हटवा. मग मी येते.”

मी हटले. कचेरीच्या पार मागच्या भिंतीपर्यंत गेले. ती गेल्यावर जमादारांनी हजेरीपटावर माझ्या नावापुढं रेघ मारली. त्यांना वाईट वाटत होतं.

उद्यापासून मी तळ्यावर, खडीच्या ढिगावर. पाव्हणे नको म्हणतात, पण घरात पीठ दोन दिवसांचं आहे. फार भीती वाटतेय. काही चांगलं झालं तर कळवीन. वाईट झालं तर पाव्हणे कळवतील, तेव्हा मात्र या. तोवर रागातच राहा, माझी हरकत नाही.

आपली म्हणवून घ्यायचा हक्क उरला असेल तर आपलीच,
चांगुणा