पन्नास मणी, एकोणीस बैठका

बाबा, राखेच्या बुधवारानंतरच्या दुसऱ्या मंगळवारी, सकाळी सहा वाजून चाळीस मिनिटांनी, आपल्याच परसात, विहिरीच्या कठड्यापासून चार पावलांवर माझा अपमान झाला. वेळ मी चर्चच्या घंटेवरून सांगत नाही, ती घंटा कधीच वेळेवर वाजत नाही. माझं खुंटीवरचं घड्याळ आहे, निवृत्त झाले तेव्हा शाळेने दिलेलं, त्यावरून सांगते. आज शनिवार. चार दिवस झाले. लिहायला बसले की उठावंसं वाटतं आणि उठले की पुन्हा बसावंसं वाटतं.

झालं ते असं. मी नेहमीप्रमाणे लुगड्याचा काष्टा मारून बैठका काढत होते, आणि नेहमीप्रमाणे तुमची जपमाळ हातात होती. एक मणी, एक आवे मारिया, एक बैठक. आमचे नवे पाद्री शेजारच्या आजारी म्हातारीला प्रसाद देऊन परतत होते. कुंपणाआडून त्यांना प्रार्थना ऐकू आली. एवढ्या पहाटे कोणी भाविक जपमाळ म्हणते आहे, म्हणून बिचारे टोपी काढून, मान खाली घालून आत आले. मान वर केली तेव्हा समोर एकसष्ट वर्षांची मास्तरीण बेडकासारखी बसलेली. माणूस फार तर अठ्ठावीस वर्षांचा असेल.

"बाई, हे काय चाललंय?"

"बैठका."

"आणि हातात?"

"तुम्हाला डोळे आहेत, पाद्री."

"जपमाळ ही व्यायाम मोजण्याची वस्तू नव्हे."

"मोजण्याचीच आहे. नाहीतर मणी कशाला ओवले असते? नुसता दोरा पुरला असता."

यावर एखादा हसला असता. हे हसले नाहीत. म्हणाले, "या वयात गुडघे देवापुढे टेकायला राखून ठेवावेत. ईस्टरपर्यंत माळ माझ्याकडे राहील." आणि माळ घेऊन गेलेसुद्धा. कुंपणापलीकडून मासळीच्या पाट्या घेऊन चाललेल्या दोन कोळणींनी सगळं पाहिलं. त्यातली थोरली ओरडली, "मास्तरीणबाय, आज शिक्षा कोनाला? तुमालाच का?" दुसरी एवढी हसली की तिची पाटी कलंडली. मला त्याचा आनंद झाला, हेही देवापुढे कबूल करते.

या माळेचा इतिहास त्या पोरसवदा पाद्रीला कोण सांगणार? तुम्ही तरुणपणी कोपरीच्या तालमीत जात होता. तिथला वस्ताद हिंदू, पण तुमच्यावर जीव टाकणारा. त्याने तुम्हाला सांगितलं, रोज शंभर बैठका. तुम्हाला विसाच्या पुढे मोजता येत नव्हतं आणि ते त्याला सांगायची लाज वाटत होती. मग तुम्ही आजीची जपमाळ उचललीत. तिच्यात पाच दशकं, प्रत्येक दशकात दहा मणी, म्हणजे दोन फेऱ्या केल्या की शंभर, आणि आकडा एकही यायला नको. मोठा मणी आला की उभं राहून श्वास घ्यायचा आणि 'आमच्या बापा' म्हणायचं. मिठागरावर दिवसभर फळीने मीठ ओढणारा माणूस सूर्य उगवायच्या आत शंभर वेळा उठतो-बसतो, हे मी आठ वर्षांची असल्यापासून पाहते आहे. तुमच्या पोटऱ्यांवर मिठाचे पांढरे ओघळ वाळलेले असत. मी बाजूला उभी राहून नक्कल करायची. आई चुलीपुढून म्हणायची, "पोरीला पैलवान करून ठेवा, मग बघू लग्न कोण करतंय." तुम्ही म्हणायचात, "गुडघा म्हंजे बिजागरी. ह्या खाऱ्या वाऱ्यात रोज उघडझाप नाय केली तर गंजते." आईचं खरं ठरलं, लग्न कोणी केलं नाही. पण ते बैठकांमुळे नव्हे, जिभेमुळे. आणि तुमचंही खरं ठरलं. कल्याणच्या शाळेत एकतीस वर्षं मी उभी राहून शिकवलं. मुलींना रोज सकाळी दहा-दहा बैठका काढायला लावत होते, तेव्हा एक कारकून पालक भांडायला आले होते. "आमच्या मुलीला तालमीत घातलेलं नाही, शाळेत घातलंय." मी म्हटलं, "मग तिला शाळेचा जिना एका दमात चढून दाखवायला सांगा." मुलगी तिसऱ्या पायरीवर थांबली. गृहस्थ गेले ते परत आले नाहीत.

माळ गेली म्हणून मी थांबणार नव्हते. बुधवारी सकाळी वाटीत पन्नास चिंचोके मोजून घेतले आणि शेजारी रिकामी वाटी ठेवली. एक बैठक झाली की एक चिंचोका या वाटीतून त्या वाटीत. दशक झालं, ठीक. पुढे पंधरा, सोळा. सतराव्याला मांडीत कळ आली. एकोणिसाव्याला खाली गेले आणि कठड्याला धरून वर आले. विसावी काही केल्या होईना. वाटीत एकतीस चिंचोके तसेच पडून. मला वाटलं, रात्री झोप नीट झाली नाही. गुरुवारी पुन्हा एकोणीस, शुक्रवारी अठरा. भाच्याची बायको, म्हणजे तुमची नातसून, दाराशी येऊन म्हणाली, "आत्याबाई, आज लवकर आटपलं?" तिच्या बोलण्यात काही खोच नव्हती, पण मी तिच्यावर खेकसले. कारण तेवढ्यात मला कळलं होतं. मंगळवारपर्यंत रोज माझी माळ पूर्ण होत होती, पन्नासच्या पन्नास मणी. मग उरलेल्या एकतीस बैठका कोण काढत होतं? कोणीच नाही. बोटं पुढे पळत होती आणि गुडघे मागे राहत होते. मी उभी राहून प्रार्थना म्हणत होते आणि मणी सरकवत होते. किती महिने, कोण जाणे. गेल्या पावसाळ्यापासून असेल. मला खरोखर वाटत होतं की मी पन्नास काढते. सगळ्यांना सांगतही होते.

आणि तेव्हापासून, बाबा, मला ती दुसरी सकाळ सोडत नाही. मी सतरा वर्षांची आहे, मुंबईच्या कॉन्व्हेंटातून सुट्टीला आले आहे, अंगात इस्त्रीचा झगा आणि डोक्यात मदरनी भरलेलं सत्य. तुमचं वय तेव्हा आज माझं आहे तेवढंच. मिठागरावरची चार माणसं तुम्हाला न्यायला आली आहेत, ओटीवर बसून विडी ओढताहेत. तुम्ही परसात बैठका काढताहात. मी बघते, मोठ्या मण्यापासून पुढच्या मोठ्या मण्यापर्यंत तुम्ही खाली जाता फक्त सहा वेळा. ओठ हलताहेत, मणी सरताहेत, बाकीचे चार वेळा तुम्ही नुसते उभे. आणि मी सगळ्यांदेखत मोठ्याने म्हणते, "बाबा, दहा मणी झाले, बैठका सहाच झाल्या. देवाच्या माळेवर खोटं मोजणं पाप आहे." ओटीवरची माणसं हसली. एक म्हणाला, "मुकादम, पोरीनं हिशोब पकडला रं तुमचा!" तुम्ही हसला नाहीत, रागावलाही नाहीत. माझ्याकडे असं पाहिलंत, जसं मी तुम्हाला न कळणाऱ्या भाषेत काही बोलले. मग माळ खुंटीला अडकवलीत आणि कामावर गेलात.

दुसऱ्या दिवशी तुम्ही परसात आला नाहीत, तिसऱ्या दिवशीही नाही. मी शाळेत परत गेले. नाताळात आले तेव्हा तुम्ही ओटीच्या खांबाला धरून उठत होता. पुढच्या वर्षी काठी आली. त्याच्या पुढच्या वर्षी तुम्हाला दोघांनी उचलून उन्हात आणून बसवावं लागत होतं, आणि त्या पावसाळ्यात तुम्ही गेलात. आई म्हणाली, वय झालं होतं. सगळे तेच म्हणाले. मी बेचाळीस वर्षं तेच म्हणत आले.

आता विचारते, कारण या चार दिवसांत हा प्रश्न मला बसू देत नाही. तुम्हाला ठाऊक होतं का, की तुम्ही दहातल्या सहाच काढता? की माझ्यासारखंच तुम्हालाही वाटत होतं की शंभर होताहेत? आणि थांबलात ते गुडघ्यांमुळे, की माझ्यामुळे? तुम्ही दहातल्या त्या सहा रोज काढत राहिला असतात, तर ती काठी दहा वर्षं उशिरा आली असती. एखाद्याच्या सहा बैठका पापात काढायला मला कोणी सांगितलं होतं? ईस्टरला पाद्री माळ परत देतील. ती घ्यायची की एकोणीस चिंचोक्यांवरच भागवायचं, हे मला त्याआधी ठरवायचं आहे, आणि तुमच्या उत्तराशिवाय ते ठरत नाही.

एक गोष्ट वर मी नीट लिहिलेली नाही. पाद्रींनी माळ हिसकावली नाही. ते समोर आले तेव्हा मी खाली बसलेली होते आणि मला उठता येत नव्हतं. त्यांनी हात पुढे केला. तो धरायला माझा हात मोकळा हवा होता, म्हणून माळ मीच त्यांच्या दुसऱ्या हातात दिली. उठून उभी राहिल्यावर मग भांडले.

हे पत्र कुठल्या पेटीत टाकायचं, मला ठाऊक नाही, आणि कोणाला विचारणारही नाही. तरी ईस्टरच्या आदल्या, झावळ्यांच्या रविवारच्या आत मला उत्तर हवं, आणि तेही लेखी. स्वप्नात येऊन काही सांगाल तर मी मानणार नाही. तुम्हाला लिहिता येत नव्हतं, हे मी विसरलेले नाही. कोणाकडून तरी लिहून घ्या. तिथे एवढे पाद्री जमले असतील, त्यांतला एखादा तरी रिकामा असेल.