तिसऱ्या आग्रहाची वाट

आई, इथे दुपारी चार वाजताच अंधार पडतो आणि खालच्या मजल्यावरून कोबी शिजल्याचा वास वर येतो. साप्पोरोतला हा माझा चौथा हिवाळा. तू गेलीस त्याला एक तप उलटून गेलं, त्यामुळे मी जपानात आले, संशोधन करते, सकाळी उठून दारातला बर्फ फावड्याने बाजूला करते, यातलं तुला काहीच माहीत नाही. ते सावकाश सांगेन. आज मला एका मुलीबद्दल तक्रार करायची आहे. ती घानाची आहे, आमच्याच विद्यापीठात शिकते आणि या ऑक्टोबरात माझ्या शेजारच्या खोलीत राहायला आली. मला तिचा हेवा वाटतो. साधासुधा नाही, चांगला सणसणीत.

खाली आमच्या घरमालकीणबाई राहतात, सत्तरी ओलांडलेल्या, एकट्या. त्यांच्या खोलीत रॉकेलचा मोठा स्टोव्ह असतो आणि त्यावर दिवसभर किटली. माझ्या पहिल्या हिवाळ्यात, पहिला बर्फ पडला त्या संध्याकाळी, त्या जिन्याशी येऊन म्हणाल्या, "नाबे केलंय, खाली या ना." नाबे म्हणजे मोठ्या भांड्यात कोबी, टोफू, मासे असं सगळं उकळत ठेवायचं आणि भोवती बसून खायचं. माझी बोटं बधिर झाली होती आणि पोटात कावळे ओरडत होते. तरी मी हसून "दाइजोबु" म्हणाले, म्हणजे ठीक आहे, नको. आणि तिथेच उभी राहिले, कारण आता त्या पुन्हा विचारणार होत्या. त्यांनी किंचित वाकून मान हलवली आणि दार लावून घेतलं. त्यानंतर त्यांनी कधीही विचारलं नाही.

हे तुझं शिक्षण, आई. आठवतं का, शेजारच्या काकूंच्या स्वयंपाकघरात आपण दिवाळीत बसलोय, काकूंनी बेसनाच्या लाडवांचा डबा पुढे केलाय आणि मी हात घातलाय. तू फक्त डोळे मोठे केलेस आणि माझा हात डब्यातून रिकामाच बाहेर आला. घरी आल्यावर म्हणालीस, "हावरटासारखा काय हात पुढे केलास? लोकांना वाटेल, आई घरी खायला घालत नाही. पहिल्यांदा नको म्हणायचं, दुसऱ्यांदा नको म्हणायचं, तिसऱ्यांदा विचारलं तर अर्धा घ्यायचा." मी ते इतकं मनावर घेतलं की पुढे कुणाच्याही घरी मी तिसऱ्या आग्रहाची वाट पाहत बसायचे. आपल्याकडे तो यायचा. इथे दुसराच येत नाही.

आणि ही मुलगी! पहिला बर्फ पडला तेव्हा ती पलंगावरची चादर कोटावर गुंडाळून अंगणात उभी होती. पापण्यांवर बर्फ, ओठ फाटलेले, आणि मोठ्याने रडतेय की हसतेय ते कळेना. चार वाजता अंधार पडला की ती जिन्यात येऊन विचारायची, "सिस्टर, दिवस कोणी बंद केला?" थंडी वाजते हे ती सगळ्या जगाला सांगायची. मालकीणबाईंनी जिन्यातून हाक मारली तेव्हा त्यांचं वाक्य पुरं होण्याआधी हिने बूट काढले होते. मी दाराच्या फटीतून पाहत होते. मग तिला त्यांचे जुने बर्फातले बूट मिळाले. निसरड्या गल्लीत तिचं कोपर धरून त्यांनी तिला लहान लहान पावलं टाकायला शिकवलं. मी ते पाठीवर दोनदा आपटून शिकले होते, आणि त्याचा मला अभिमानही होता. संध्याकाळी खालून हसण्याचे आवाज यायचे. त्यात तिच्या आईचा फोन. भांड्यावर फोन धरून ती आईला आत काय शिजतंय ते दाखवायची, तिकडून आई काहीतरी ओरडायची आणि मालकीणबाई जपानीत उत्तर द्यायच्या. मी वर बसून डाळभात खायचे आणि माझ्या पोटात दुखायचं.

शेवटी गेल्या आठवड्यात मी तिला जिन्यात गाठलं. तुझाच आवाज काढून म्हणाले, "रोज रोज असं पहिल्या हाकेला कुणाच्या घरी जेवायला जाऊ नये. म्हाताऱ्या माणसाला त्रास होतो."

ती चकित झाली. "आमच्याकडे नको म्हटलं तर आई विचारेल, त्यांनी तुझं काय वाईट केलं?" मग जरा थांबून म्हणाली, "सिस्टर, तुम्हाला मामाचा राग आहे का?" मालकीणबाईंना ती मामा म्हणते, म्हणजे आई. "त्या मला विचारत होत्या. वरच्या बाईंना माझ्या माशांचा वास सहन होत नाही का, म्हणून. तुम्ही घरी असलात की त्या मासे घालतच नाहीत."

आई, मी जिन्यातच बसले. तीन हिवाळे मी वर बसून आग्रहाची वाट पाहत होते आणि त्या खाली बसून मला त्रास नको म्हणून नुसता कोबी खात होत्या.

त्या संध्याकाळी, तिसऱ्या आग्रहाची गोष्ट माझ्याकडून ऐकून, त्या मुलीने मला हाताला धरून खाली नेलं. मालकीणबाई उठून उभ्या राहिल्या. हातात डाव होता. "खाणार?" त्यांनी घाबरत विचारलं. आणि माझ्या तोंडून काय आलं असेल? दाइजोबु. त्यांचा डाव खाली गेला. ती मुलगी खो खो हसली, माझ्यासाठी वाडगा काढला आणि म्हणाली, "मामा, यांचं नको म्हणजे हो." स्टोव्हजवळची जागा मात्र तिने सोडली नाही. मला दाराजवळ बसवलं, तिथे पायाला वारा लागत होता.

मी तिच्यावर अजून जळते. बुटांवरून नाही, जागेवरूनही नाही. मी वाडगा हातात घेतला तेवढ्यात तिच्या आईचा फोन आला आणि ती तोंडात घास असतानाच बोलायला लागली. तिकडून तिला कोणीतरी रागावत होतं आणि ती हसत होती. मी भांड्याकडे पाहत राहिले. मला वाटलं, आता माझ्याकडे कोणीतरी डोळे मोठे करून पाहील. खरंच, मी दाराकडे मान वळवून पाहिलं.

हे पत्र कुठे टाकायचं ते मला माहीत नाही, म्हणून ते इथेच राहील. एवढंच सांगायचं होतं. त्या रात्री नाब्यात मासे होते. पहिला वाडगा संपला तेव्हा मला कोणी काही विचारलं नव्हतं. दुसरा मी मागून घेतला.