धोतऱ्याचा बांध

शिरड शहापूर,
गुरुवार

प्रिय दादा,

पाकीट बघून तू आधी दचकशील. हातात फोन असताना हिला कागद कुठून सुचला, असं सीमावहिनीला म्हणशीलही. उद्या सकाळी नरसिंगची जीप हिंगोलीला येते आहे, त्याच्याकडे हे पत्र आणि कॅमेऱ्याचं कार्ड देते. स्टुडिओत गिऱ्हाईक असेल तर लगेच वाचू नकोस. दुपारी शटर अर्धं ओढून चहा पितोस ना, तेव्हा वाच. रविवारच्या आत वाचलंस म्हणजे झालं.

रविवारी डोंगरकड्याचे पाहुणे साडी घेऊन येणार, माझं दुसरं लग्न पक्कं करून जाणार, हे आता गावात सगळ्यांना माहीत आहे. सासरे, म्हणजे आमचे मामा, यांनी शेजारून खुर्च्या सांगून ठेवल्यात. मामींनी माझ्यासोबत द्यायला गोधडी शिवायला घेतली आहे. मंगळवारपर्यंत दोघंही या विषयावर माझ्याशी एक अक्षर बोलत नव्हती. मामी सुईत दोरा ओवायला मला हाक मारायच्या, मी ओवून द्यायची, आणि त्या पुन्हा खाली मान घालायच्या. स्वतःच्याच पाठवणीची गोधडी शिवायला मदत करणारी बाई तू कधी पाहिली होतीस का? मला त्यात काही वावगं वाटलं नव्हतं. खरं सांगायचं तर मला काहीच वाटत नव्हतं.

तुझे दाजी गेले तेव्हापासून हे असं आहे. उसाच्या ट्रॉलीला मागे लाल दिवा नव्हता आणि अंधार पडत होता, एवढंच. त्यापुढे मला लिहिता येत नाही. म्हणजे शब्द येतात, पण पेपरातल्या बातमीसारखे येतात. भंतेजी आले, वंदना झाली, बायका माझ्या पाठीवरून हात फिरवत म्हणाल्या, "रड बाई, मोकळी हो." मी हो म्हणाले आणि रडले नाही. तू कोपऱ्यात उभा राहून माझ्याकडे बघत होतास ते मला दिसत होतं. पुढच्या खेपेला तू तुझा जुना कॅमेरा आणि ती जडशीळ लेन्स घेऊन आलास. म्हणालास, "हात रिकामे ठेवू नको, काय दिसंल ते काढ." मी हो म्हणाले.

काय काढावं ते मात्र कळेना. माणसं काढली की ती मला बघून चेहरे पाडतात. शेळ्या काढल्या, हळदीची पानं काढली. मग एका संध्याकाळी आमच्या तुरीच्या बांधावर धोतऱ्याची फुलं उमलताना दिसली. धोतऱ्याला शेळ्या तोंड लावत नाहीत, म्हणून तो तेवढा उरतो. त्याच्याशेजारी घाणेरी आणि कुर्डू माजलेलं. तिथे एक पाखरू आलं. मला आधी वाटलं चिमणीच. पण ते फुलावर बसेना. फुलापुढे हवेतच उभं राहिलं, तोंडातून सुतळीसारखी लांब सोंड सोडली आणि उभ्याउभ्या प्यायला लागलं. तुला फोटो पाठवून त्या सोंडेचं सांगितलं तेव्हा तू म्हणालास की हा पतंग आहे, दिव्यावर येतात त्यांच्यातलाच, फक्त अंगापिंडाने मोठा. फोटोत पतंग नव्हताच खरं तर, त्याचा मागचा पाय आणि अर्धं फूल होतं. तू उत्तर पाठवलंस, "हललंय." त्यानंतर किती दिवस तुझं तेच एक उत्तर. हललंय. परत हललंय. लग्नाचे अल्बम करून करून तुझी नजर सावकारासारखी झाली आहे.

मग तू ती युक्ती शिकवलीस. पाखरामागे कॅमेरा पळवायचा नाही. एक फूल निवडायचं, त्याच्या तोंडावर फोकस बांधून ठेवायचा आणि गप बसायचं. लग्नात पाकळ्या उधळतात तेव्हा तू असंच करतोस ना, नवरा-नवरीवर नजर बांधून थांबतोस आणि पाकळ्यांना येऊ देतोस. माझ्या लग्नाच्या अल्बममध्ये तुझ्या दाजींच्या चष्म्यावर एक पाकळी चिकटली आहे आणि ते एक डोळा मिटून हसताहेत. ते गेल्यापासून तो अल्बम मी उघडलेला नाही. पण तो फोटो मला पाठ आहे.

तर मी रोज तिन्हीसांजेला बांधावर जाऊन एका फुलासमोर बसायला लागले. पतंग येतो, चारदोन फुलं चाखतो, आपल्या फुलावर आला तर आला. फ्लॅश चमकला की त्याचे पंख फोटोत जागच्या जागी थिजतात, त्यावरची भुकटीसुद्धा दिसते. प्रत्यक्षात मात्र पंख दिसतच नाहीत, नुसती भुरभुर दिसते. एका जागी राहायला एवढी फडफड करावी लागते हे मला माहीत नव्हतं. मला तो थिजलेला फोटोच बरा वाटायचा. आणि पतंग मला कशी आहेस म्हणून विचारत नाही, हेही बरं होतं.

कारण कोणी काही विचारलं की माझ्या तोंडून हो निघतं. नाही म्हणायला अंगात काहीतरी लागतं दादा, हो फुकट निघतं. बचत गटाच्या बायकांनी काहीतरी विचारलं, मी हो म्हणाले, आणि पुढच्या बैठकीला कळलं की मी अध्यक्ष आहे. स्टँडवर एका म्हातारीने विचारलं, "बाई, ही यष्टी औंढ्याला जाती का?" मी हो म्हणाले. गाडी वसमतला निघाली होती. ती बाई अधूनमधून माझ्या डोक्यात येते. एकदा मामींनी वरणात मीठच घातलं नव्हतं. "बराबर हाय का गं?" असं त्यांनी विचारलं, मी बराबर आहे म्हणाले आणि ताट संपवलं. मामांनी एक घास घेतला, माझ्याकडे बघितलं, मामींकडे बघितलं आणि गुपचूप मिठाची बरणी पुढे ओढली. नाही म्हणायचं खातं आमच्याकडे तुझ्या दाजींचं होतं. बी-बियाणंवाल्यापासून सरपंचापर्यंत कोणालाही ते हसत "न्हाई जमायचं" म्हणायचे आणि मी मागे उभी राहून पाहुण्याला चहा विचारायची. दोघांचं मिळून आमचं एक उत्तर व्हायचं. आता माझ्याकडे त्यातलं अर्धंच उरलं आहे.

अशा बाईला तू उन्हाळ्यात फोनवर विचारलंस, "सत्या, डोंगरकड्याचं एक स्थळ आहे, बघायचं का?" मी हो म्हणाले. तुझा आवाज किती हलका झाला ते मला ऐकू आलं. मग ते हरिचंद भेटायला आले. माणसात खोट काढायला जागा नाही. बायको गेली आहे, एक लहान मुलगी आहे, केळीचा मळा आहे, बोलणं मऊ आहे. त्यांनी विचारलं, "तुम्हाला तिकडं करमेल का?" मी हो म्हणाले. मामांनी त्यांना विचारलं, चहात साखर चालते का, ते हो म्हणाले. मग मामी म्हणाल्या, गूळ घालू का, त्यालाही ते हो म्हणाले. मला तेव्हा वाटून गेलं की हेही माझ्यातलेच दिसतात. पण वाटलं आणि गेलं, थांबलं नाही.

आता मंगळवारची गोष्ट सांगते. मी धोतऱ्यापुढे गुडघे टेकून बसले होते. फोकस बांधलेला, बोट बटणावर. मामा पाठीवर तणनाशकाचा फवारणी पंप आणि तोंडाला उपरणं बांधून आले. म्हणाले, "उठ लेकरा, बांध जाळून घेतो. घाटेअळीची पाखरं हितंच बसून राह्यलीत." त्यांचं चुकत नव्हतं. तुरीला फुलं लागली आहेत आणि शेंगा पोखरणाऱ्या घाटेअळीचे पतंगही याच वेळेला निघतात. हा पतंग वेगळा, तो तुरीच्या वाटेला जात नाही, असं मी शांतपणे सांगू शकले असते. ते काहीच सुचलं नाही. त्यांनी पंपाचा दांडा हलवला, नळी धोतऱ्याकडे वळवली, आणि माझ्या तोंडातून निघालं, "नको!" एवढ्या मोठ्याने निघालं की खालच्या शेतातल्या बैलांनी माना वर केल्या. "मामा, नको म्हणते ना!" मी परत ओरडले.

आता हे रागावणार असं मला वाटलं. सासऱ्यावर ओरडले होते मी. मामांनी पंप उतरवून खाली ठेवला, उपरणं सोडलं आणि विचारलं, "काय म्हणलीस?" मी म्हणाले, नको. "आजून एकडाव म्हण." मी म्हणाले. "बरं," एवढंच बोलून ते पंप तिथेच टाकून घराकडे सुटले. एरवी गुडघ्याला हात लावून चालणारा माणूस, त्या दिवशी ढेकळांतून तरातरा गेला. लांबवरूनच त्यांचं ओरडणं ऐकू येत होतं, "अगं ए, आयकलं का? सत्या न्हाई म्हणली! सत्या न्हाई म्हणली!" मी तशीच बसून राहिले. ओरडताना बटण दाबलं गेलं होतं, फ्लॅश तयार नव्हता, त्यामुळे कार्डवरच्या शेवटच्या फोटोत पतंगाचे पंख पुसल्यासारखे झाले आहेत आणि मागे पंपाची नळी आली आहे. तू त्याला काय म्हणशील ते मला माहीत आहे. तरी तेवढा एक मोठा करून दे.

त्या दिवशी मामींनी मुद्दाम वांग्याच्या भाजीत मीठ घातलं नाही. मला ते नंतर कळलं. ताट वाढलं आणि समोर बसून राहिल्या. "बराबर हाय का?" मी एक घास खाल्ला. जिभेवर काहीच आलं नाही, आणि काहीच आलं नाही हे मला कळलं. मी म्हणाले, "मामी, मीठ नाही यात." त्यांनी पदर तोंडाला लावला आणि जे रडायला लागल्या ते थांबेनात. मला तर काहीच समजेना, मी बरणी आणायला उठायला लागले. त्यांनी मला हाताला धरून खाली बसवलं आणि डोळे पुसत विचारलं, "मंग डोंगरकड्याला बी मीठ न चाखताच व्हय म्हणली होतीस का गं?" मामा ताटाकडे बघत म्हणाले, "आमाला वाटलं तुला जायचं हाय. लेकराला जायचं असंल तर आपण आडवं काहून यावं?" म्हणजे उन्हाळ्यापासून मी त्यांच्यासाठी हो म्हणत होते, ते माझ्यासाठी हो म्हणत होते, आणि तू आम्हा सगळ्यांसाठी धावपळ करत होतास.

मी मोकळी झाले, बरी झाले असं समजू नकोस. रडू अजून आलेलं नाही. सकाळी उठते ती काल झोपले तशीच उठते. बुधवारी बांधावर गेले तर पतंग आला आणि मला त्याचंही काही विशेष वाटलं नाही. मामांनी धोतऱ्याच्या दोन्ही अंगांना दगड मांडून ठेवले होते, एवढा तुकडा सोडून बाकीचा बांध जाळणार आहेत. तो सौदा मला पटला. त्या दगडांकडे बघत बसले आणि एक गोष्ट तेवढी सरळ दिसली. हरिचंद मला नको आहेत असं नाही. मला अजून काहीच हवंसं वाटत नाही, आणि जिला काही हवंसं वाटत नाही तिने दुसऱ्याच्या घरात जाऊन उभं राहू नये. तिथे एक लहान मुलगी आहे. ती मला विचारील, "तुला मी आवडते का?" मी हो म्हणेन. लहान मुलांना खोटं हो लगेच कळतं रे दादा.

म्हणून हे पत्र. फोनवर सांगायला गेले असते तर तू विचारलं असतंस, "नीट विचार केलास ना?" मी हो म्हणाले असते. मग तू हळूच म्हणाला असतास, "मग एकदा येऊन जाऊ दे का त्यांना?" तुझा तो आवाज ऐकून मी त्यालाही हो म्हणाले असते, आणि रविवारी साडी घेऊन बसले असते. कागदावर तू मला विचारू शकत नाहीस. म्हणून इथे लिहून ठेवते: नाही. डोंगरकड्याला तू स्वतः जाऊन सांग, त्यांचा मान राखून सांग, आणि त्यांनाही जरा नीट विचार की त्यांना खरंच लग्न करायचं आहे का. तुला वाईट वाटेल हे मला माहीत आहे, तरीही नाही. पुढे कधी मी हो म्हणाले तर ते तुला ऐकूनच कळेल. रविवारी मात्र तू आणि सीमावहिनी जेवायला या. मामांनी सांगितलेल्या खुर्च्या तशाच आहेत. मामी वांगी करणार आहेत, आणि मीठ कमी पडलं तर मी सांगणार आहे.

तुझीच,
सत्या