देवमणावरचा चीक

आबा, ताकाला जाऊन भांडं कशाला लपवू? आई गेली त्या दिवसाचं तुझ्याशी कधी बोलणंच झालं नाही, आणि आता तूही जाऊन किती वर्षं लोटली. लिहायला मी म्हातारपणी नातीकडून शिकले. अक्षरं वाकडी येतात, पण तुला तरी कुठं वाचता येत होतं.

आपला तळ तेव्हा पाटोद्याच्या वरच्या डोंगरात पडला होता. आष्टीवरून पुढं, मोगलाई सोडून इंग्रजांच्या हद्दीत मेंढरं न्यायची होती, पण आई तापानं पडली आणि सगळं थांबलं. मी सासरहून आले तेव्हा ती बोलत नव्हती. तिरडीसाठी सालईच्या फांद्या तोडल्या, तोडल्या जागचा चीक खोडावर ओघळत होता आणि घाईत कुणीतरी आईची घोडी त्याच झाडाला बांधली. माती देऊन परत येतो, तर घोडीनं खोडाला मान घासघासून चीक माखून घेतलेला. नेमका गळ्यावरचा देवमण, तो केसांचा शुभ भोवरा, ज्याच्यापायी आजोबांनी ही घोडी आईला लग्नात दिली होती, तोच चिकटून ढेकूळ झाला होता. चुलत्यानं बाभळीचा डिंक समजून वर कढत पाणी ओतलं. बाभळीचा डिंक पाण्यानं सुटतो, सालईचा चीक सुटत नाही, त्याला तेलच लागतं. केस आणखीच एकमेकांत बसले.

थोरली आत्या लोकर कातरायची कात्री घेऊन आली. कातरून टाक आणि मोकळा हो, म्हणाली. उभी हयात मेंढरं कातरण्यात गेलेला तू, तुला बोटभर केसांचं काय, असंच सगळ्यांना वाटलं. पण देवमण कातरला की घोडीचं शुभ गेलं, हेही सगळ्यांना ठाऊक होतं. तू कात्री हातात घेतलीस आणि बाजूला ठेवलीस. आईचा जीव गेला त्या जागी दिवा लावला होता. दहाव्यापर्यंत तो विझू द्यायचा नसतो. तळावर करडीचं तेल उरलं होतं ते तेवढंच, त्या दिव्यात आणि शेजारच्या बुधलीत. तू बुधली उचललीस, आणि ती संपल्यावर दिव्याकडे वळलास. आत्यानं तुझा हात धरला.

"लेकरा, दिवा इझंल. तिला वाट कशी दिसंल?"

"हितं हात ठिवल्याबिगर ती कंदी वाटंला लागली न्हाई," तू देवमणाकडं बोट करून म्हणालास.

मग तू बसलास. तेल मुरवायचं, केस न् केस बोटांनी सोडवायचा, आईच्या लाकडी फणीनं विंचरायचा, राखेनं पुसून पुन्हा तेल. दिवा कधी विझला ते कुणी बोललं नाही. तू रडला नाहीस, माझ्याकडे पाहिलंही नाहीस. मला राग यायला हवा होता, म्हणून मी तो आणला; आत खरं तर काहीच हलत नव्हतं. भोवरा मोकळा झाला तेव्हा तू बाजूला सरकलास आणि म्हणालास, "ठिव हात." मी ठेवला.

तू गेलास तेव्हा तुझा दिवा मीच सांभाळला. वात पुढं करत होते, तेल काठोकाठ ठेवत होते. लोक म्हणाले, लेक असावी तर अशी. डोळ्यांत टिपूस नव्हता. तुला वाट दिसली की नाही, मला माहीत नाही.

हा कागद धाडायचा तरी कुठं? घडी घालून दिव्याच्या कोनाड्यात ठेवते, सुनेला वाटेल कसलीतरी पुडी आहे. एक तेवढं सांगायचं होतं. आईचा चेहरा मला आठवत नाही, आबा. खूप वर्षं झाली, आठवतच नाही. डोळे मिटले की करडीच्या तेलाचा वास येतो आणि तळहाताखाली तो ऊन भोवरा लागतो. आईचं म्हणून माझ्याकडे तेवढंच उरलंय, आणि ते तू कातरू दिलं नाहीस.