जुनं ठेवायचं का?

चिरंजीव भोपळ्यास,

ताईचे पोटभर आशीर्वाद. (चिरंजीव लिहून पुढे भोपळ्या लिहिलं म्हणून फुगून बसू नकोस. गेल्या रविवारी आमच्या दारातून आत शिरताना तू ते नाव चांगलंच सार्थ करत होतास.) तुझी तब्येत ठीक असेलच. तुझ्या बायकोचा गुडघा कसा आहे? इकडे आम्ही मजेत आहोत. म्हणजे तुझे दाजी मजेत आहेत. माझं पुढे वाचशीलच.

आजच्या काळात पत्र कसलं पाठवतेस, असं तू म्हणशील. पण फोन करावा तर आमच्या या खोलीत मी, मशीन आणि तुझे दाजी असे तिघं राहतो आणि दाजींचे कान अजून नवे आहेत. मेसेज करावा तर त्यांनी एकदा काहीतरी जोडून ठेवलंय, त्यामुळे मी इथे लिहिलेलं त्यांच्या फोनवर उगवतं. तेव्हा शेजारचे ड्रायव्हरकाका उद्या तुमच्याच बाजूला येताहेत, त्यांच्या हाती हे देते आहे. एकटा असशील तेव्हाच वाच.

तर माझं भरतकामाचं मशीन. तेच, कॉम्प्युटरला जोडलेलं, खिडकी अडवून बसलेलं, ज्याला तू दाजींची सवत म्हणतोस. त्या कॉम्प्युटरात मी इतक्या वर्षांत माझा स्वतंत्र संसार थाटला होता. कंपनीने दोऱ्यांच्या रंगांना नंबर दिले होते, मी नावं दिली. 'सासूबाईंचा चहा' म्हणजे फिका तपकिरी (दूध जास्त). 'थोरल्या जाऊबाईंचं नाक' म्हणजे लाल (सर्दी झालेली असताना). 'ह्यांचा शर्ट' म्हणजे एके काळी निळा असलेला कुठलाही रंग. कोणत्या कापडाला दोऱ्याचा ताण किती, तेही ठरवून ठेवलेलं. त्यात टॉवेल सगळ्यांत लबाड. त्याच्या लवेत अक्षरं बुडतात आणि पहिली बुडते ती शिरोरेघ. म्हणून टॉवेलसाठी खाली आधी जाळीचे टाके, वर जरा जाड शिरोरेघ, अशी अख्खी बाराखडी मी स्वतः बसवली होती.

आता कोपऱ्यावर नवं हॉटेल उघडतंय. मालकांनी याआधीही एक हॉटेल चालवलंय, त्यामुळे पाहुण्यांवर त्यांचा काडीचाही विश्वास उरलेला नाही. त्यांना प्रत्येक टॉवेलवर ठळक अक्षरांत 'इथलाच आहे' असं भरून हवंय. टॉवेल मनासारखे झाले तर चादरी, पडदे, सगळं काम माझ्याकडे येणार. मग शेजारची रिकामी खोली मशीनसाठी घ्यायची आणि इथली खिडकी उघडायची, एवढं माझं स्वप्न. आणि नेमकी याच आठवड्यात त्या कॉम्प्युटरला नवी आवृत्ती घ्यायची हुक्की आली.

इथे तुला दाजींचा स्वभाव आठवायला हवा. बरण्या फुटलेली झाकणं, कुलपं हरवलेल्या किल्ल्या, मेलेल्या फोनांचे चार्जर, सगळं आमच्या घरी सुखाने नांदतं. 'लागेल कधीतरी' हा त्यांचा मंत्र. लग्न झाल्यापासून मला रोज एकच प्रश्न विचारला जातो, 'हे जुनं ठेवायचं ना?' आणि त्यांचं वाक्य संपायच्या आत मी 'नाही' म्हणून मोकळी होते. मग हे जरा थांबून हळूच विचारतात, 'नक्की?' त्या एका शब्दाने माझं डोकं फिरतं.

तर त्या दिवशी मी एका हाताने टॉवेल चौकटीत ताणून बसवत होते आणि पडद्यावर अक्षरं आली, 'तुमची जुनी सेटिंग्ज ठेवायची का?' शप्पथ सांगते, मी धड वाचलंसुद्धा नाही. 'जुनी' आणि 'ठेवायची का' एवढंच डोळ्यांत शिरलं आणि बोटाने परस्पर 'नाही' दाबून टाकलं. कॉम्प्युटर जरा थांबला. मग विचारतो कसा, 'नक्की?' अगदी ह्यांच्या सुरात रे! मी इतक्या जोरात 'हो' दाबलं की टेबलावरची कात्री खाली पडली.

नवी आवृत्ती आली. दिसायला गोजिरवाणी, पण मला ओळखतच नाही. सासूबाईंच्या चहाचा पुन्हा नंबर झाला, जाऊबाईंचं नाक कायमचं पुसलं गेलं (त्यांना कळवू नकोस, होतं हेच त्यांना माहीत नाही). पहिला टॉवेल बाहेर आला तो शिरोरेघ पार बुडालेला. मालकांनी तो उलटा, आडवा, उजेडात धरून पाहिला आणि अदबीने विचारलं, 'ताई, ही कुठली भाषा?' येत्या सोमवारपर्यंत जमलं तर ठीक, नाहीतर दुसरीकडे देतो म्हणाले. तेव्हापासून मी टाके उसवत बसले आहे. तुझे दाजी शेजारच्या टेबलावर एका बंद घड्याळाचं पोट उघडून बसलेले असतात. चकार शब्द काढत नाहीत. काढला असता तर मी भांडले असते आणि जरा बरं तरी वाटलं असतं.

शेवटी ते दुपारच्या झोपेत आहेत असं पाहून मी कंपनीला फोन केला. तिथल्या मुलीने गोड आवाजात विचारलं, 'मॅडम, जुन्या सेटिंग्जची कॉपी कुठे ठेवलीय का?' आणि भोपळ्या, मी हातातली सुई खाली ठेवली. कारण कॉपी आहे. दर रविवारी तुझे दाजी माझी सगळी सेटिंग्ज एका पेन ड्राइव्हवर उतरवून घ्यायचे. त्याला जुन्या बुटाची नाडी बांधलेली (नाडीही जपून ठेवलेली, हे सांगायला नकोच). 'लागेल कधीतरी' म्हणायचे आणि मी पोट धरून हसायचे. मुलीला म्हटलं, 'शोधून सांगते', आणि फोन ठेवला.

असो. चालायचंच. बाकी सगळं क्षेम. घरी सगळ्यांना माझी आठवण सांग.

तुझी,
ताई

ता. क. गुडघ्याला शेक द्यायला सांग. जिने कमी.

ता. क. दुसरा. पत्र खरं तर यासाठीच लिहिलंय. रविवारी हे आंघोळीला गेले असताना मी तुझ्या डिकीत जो खोका कोंबला आणि 'वाटेत भंगारवाल्याला देऊन टाक' म्हटलं, तो दिलास का? तू आळशी आहेस, हे आयुष्यात पहिल्यांदाच मला फार आवडतंय. नाडीचा पेन ड्राइव्ह त्याच खोक्यात आहे. तेवढा काढ, खिशात घाल आणि हे संध्याकाळी फिरायला जातात तेव्हा गुपचूप आणून दे. ह्यांना कळलं तर मला जन्मभर 'नक्की?' ऐकावं लागेल.

ता. क. तिसरा. पाकीट चिकटवायला डिंक शोधत होते (ह्यांच्याकडे आहे, वाळलेला). तेवढ्यात हे उठून आले आणि माझ्या टेबलावर काहीतरी ठेवलं. नाडी बांधलेलं. म्हणाले, "दुपारचा तुझा फोन कानावर आला. खोका भरलेला मी आंघोळीला जाण्याआधीच पाहिला होता. हा तेवढा काढून घेतला. बाकीचं माझं होतं, हे तुझं होतं." आणि परत घड्याळाकडे जाऊन बसले. मला रडू आलं रे. आता मशीन सुरू आहे, शिरोरेघ ठसठशीत उमटतेय आणि सासूबाईंचा चहाही जागेवर आलाय.

तेव्हा पेन ड्राइव्ह शोधू नकोस. अख्खा खोका घेऊन ये. झाकणं, किल्ल्या, चार्जर, सगळं, एकही वस्तू कमी न करता, आणि ते घरात असतानाच, पुढच्या दाराने. आणि मला फोन करून 'नक्की?' असं विचारू नकोस. त्या शब्दाने माझं काय होतं ते तू वर वाचलंच आहेस.