पॅन्टची क्रीज

३ फेब्रुवारी
नवरा आला एकदाचा घरी! डावा पाय गुडघ्याखाली नाही. त्या जागी लष्करी दवाखान्यातला खोटा पाय, बाहुलीसारखा गुलाबी. सासूबाई गळ्यात पडून रडल्या. मला रडू नाही आलं. राग आला. कोणाचा, ते कळेना. चहा टाकला.

५ फेब्रुवारी
शेजारीण येऊन गेली. "बिचारा! जीव तरी वाचला." हे मला. तो समोरच बसलेला, तरी! तिच्या भाच्यालाही परवा भरती करून नेलं. माणसं कमी पडतायत म्हणे.
याची महिनाअखेरीस शेवटची तपासणी. मोठ्या डॉक्टरचा शिक्का बसला की लष्करातून कायमचा मोकळा. पण त्या खोलीत हा खुरडत जाणार नाही. मी जाऊ देणार नाही.

६ फेब्रुवारी
कुबडी माळ्यावर टाकली.

१३ फेब्रुवारी
लॉन्ड्रीतून आले की तासभर चालवते — दारापासून मोरीपर्यंत. आधी त्याच्या पॅन्टला कडक इस्त्री. दिवसभर तेच तर करते! क्रीज नाकासमोर राहिली की चाल सरळ. बाहेर वळली की लंगडला. मग पुन्हा दारापासून.
आज पडला. मी हात दिला नाही. सासूबाई ओरडल्या, "अगं, बायको आहेस की कसाई?" भिंतीला धरून उठला. म्हणाला, "आमचा कवायतीचा मास्तर हिच्यापुढे देवमाणूस!" आणि दोघंही हसत सुटलो. किती दिवसांनी!

१९ फेब्रुवारी
तुटक्या पायावरचा मोजा रक्तानं चिकटला होता. ओला करून सोडवला. "आजच्या दिवस राहू दे ना," म्हणाला. मी नाही म्हटलं. लहान मुलासारखा बघत राहिला माझ्याकडे. स्वतःची किळस आली. तरी चालवलंच.

२५ फेब्रुवारी
क्रीज हलली नाही! शेजारणीच्या दारावरून मुद्दाम दोनदा फिरवून आणला. इतका देखणा दिसत होता मेला!

२८ फेब्रुवारी
तपासणी झाली. बाकावर सगळे आपापल्या बायकांच्या खांद्यावर भार टाकून. हा एकटा ताठ. मोठ्या डॉक्टरनं खोलीभर चालवलं, जिना चढवला, उतरवला. मग धाकट्या डॉक्टरला विचारलं, "सांगा बघू, कोणता पाय खोटा?" तो म्हणाला, "उजवा?" छाती फुगली माझी. "कोणी शिकवलं हो याला?" मी पटकन पुढे झाले. "मी!"
दोघांनी एकमेकांकडे पाहिलं. "बाहेर थांबा, बाई. शिक्का मारून देतो."

३ मार्च
'लढण्यास योग्य.' हा शिक्का. लंगडत आलेले सगळे घरी गेले.
आज पहाटे गाडीवर सोडून आले. फलाटावरून पुढे पुढे जात होता, मी मागून पुटपुटत होते — लंगड रे, आता तरी लंगड.
क्रीज जराही वळली नाही.